छबूचा अंगठा कावून लागत न्हाई

नांदूरघाट
६ ऑक्टोबर २०२५

अक्का,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून रोहिणीनं हे चुलीत घातलं नसेल, तर नमस्कार. रोहिणी, तूच वाचून दाखवत असशील. तुझा शहादेव मामा बोलतोय. फोनवर तू मला ब्लॉक केलंस, ठीक आहे. पण पोस्ट ब्लॉक करता येत नाही. चौतीस वर्षं ह्या वाड्या-वस्त्यांवर टपाल वाटलंय मी, मला सगळं माहीत आहे.

अक्का, कामाचं आधी सांगतो. आपल्या छबूचा निराधारचा पगार जुलैपासून बंद आहे.

तिचा नवरा धुळाजी गेल्यापासून तिचे कागद मीच बघतो. पासबुक, रेशनकार्ड, दवाखान्याची फाइल, सगळं माझ्या जुन्या टपालाच्या थैलीत. महिन्याचे दीड हजार आले की मी काढून आणायचे. तिच्या बीपीच्या गोळ्या, किराणा, लाईटबिल भागवायचं आणि उरलेले तिच्या हातात द्यायचे. ती ते डब्यात टाकते आणि डबा कुठं ठेवलाय ते मला सांगत नाही. भावावर एवढा विश्वास! आता नवा नियम आलाय. वर्षातून एकदा यंत्रावर अंगठा ठेवायचा आणि मी जिवंत आहे, मीच ती बाई आहे, हे दाखवायचं. छबूचा अंगठा लागत नाही.

स्टँडसमोर पंचशीलाचं सेवा केंद्र आहे. बाई कडक, पण म्हातारं माणूस आलं की आधी पाण्याचा तांब्या पुढं करते. ती म्हणाली, "मामा, ऊसतोडीच्या बायांचं असंच हाय. कोयता धरू धरू बोटावरच्या रेषा जातात." मग आम्ही सगळं केलं. गरम पाण्यात हात बुडवले, लिंबू चोळलं, खोबरेल लावलं, दहाच्या दहा बोटं ठेवून बघितली. तिसऱ्या खेपेला छबू यंत्रालाच म्हणाली, "आता पाय ठिवू का?" रांगेतले सगळे हसले. मी नाही हसलो.

कारण मला एक गोष्ट खटकली. घरी आल्यावर मी माझं जुनं शिक्क्याचं पॅड काढलं, त्यात पाणी टाकून ओलं केलं आणि छबूचा अंगठा कागदावर घेतला. अक्का, रेषा अशा उठल्या की मोजून घ्याव्यात! झिजलाय कुठं? मग यंत्राला लागत कावून नाही? तेव्हापासून माझ्या डोक्यात भुंगा शिरलाय. तू मला ओळखतेस. बंद पाकीट हातात आलं की आत काय असेल ह्या विचारानं मला जेवण जात नसे.

मी छबूला विचारलं, आधारला अंगठा कधी दिलतास? ती म्हणते, "म्या कुठं गेलते? आमी तोडीला गेलतो. माघारी आलो तर कार्ड घरी येऊन पडलंय. अंगठं म्या किती ठिकाणी दिलेत, त्याचा काय पत्ता? मुकादमाच्या कागदावर, कारखान्याच्या, ब्यांकेच्या. त्यातलाच एखादा गेला आसंल."

असं जात नाही अक्का. आधारचं शिबिर शाळेत झालं होतं आणि त्या साली अर्जुनराव दाजींचा पाय मोडला म्हणून तुम्ही दोघं घरीच होता. तुला काही आठवतं का? ३१ डिसेंबरच्या आत झालं नाही तर तिचं नाव यादीतून जाईल. दुसरं तिला काहीच नाही, हे तुला सांगायला नको.

मला माहीत आहे, छबूचं नाव काढलं की तू तोंड फिरवतेस. माझं काढलं की थुंकत असशील. पण उत्तर दे.

तुझा भाऊ
शहादेव


१६ ऑक्टोबर २०२५

अक्का,

उत्तर नाही. बरं.

पुसट शिक्क्यावरचं गाव ओळखायला मी एक भिंग ठेवलं होतं. काल ते काढलं आणि छबूचं आधार कार्ड उन्हात घेऊन बसलो. फोटोत पदर पार कपाळापर्यंत, डोळे वटारलेले, तोंड सुजल्यासारखं. आधारवरच्या फोटोत आजवर कुणी स्वतःला ओळखलं नाही, म्हणून कुणी नीट बघतही नाही. मी बघितलं. हनुवटीवर तीन काळे ठिपके दिसले. मला वाटलं माशीनं घाण केली. धोतराच्या सोग्यानं पुसलं, जाईनात. ते प्लॅस्टिकच्या आत आहेत.

जत्रेत गोंदणारी बाई सुई घेऊन बसलेली, तू दहा-अकरा वर्षांची. तू दात आवळून बसलीस आणि हनुवटीवर तीन ठिपके गोंदून घेतलेस. छबू रडत पाळण्यामागं पळाली आणि तिला हुडकायला आईनं मला पाठवलं. मी रेवड्या खात बसलो, छबू सापडली तोवर गोंदणारी उठून गेलती. पाठमोऱ्या तुम्ही दोघी एकसारख्या दिसायच्या, पण त्या दिवसापासून तोंड बघितलं की आईला ठिपक्यांवरून कळायचं.

अक्का, छबूच्या कार्डावर तुझं तोंड आहे.

खरं सांगतो, आधी मला हसू आलं. दोघी सख्ख्या बहिणी, एका घरात जावा म्हणून दिलेल्या, आणि कार्डावर एकीच्या नावाखाली दुसरी! मग हसू गेलं. तोंड तुझं, तर अंगठाही तुझाच. तू कावून दिलास? कुणी द्यायला लावलं? आणि एवढी वर्षं बोलली का नाहीस?

छबूला अजून सांगितलेलं नाही. माझ्या मनात एक आलंय. येत्या गुरुवारी भाऊबीज आहे. ये, एकदाच पंचशीलाकडं अंगठा ठेव, वर्षभराचं काम होईल. पुढच्या वर्षीचं पुढं बघू. तिकीट मी काढतो.

रोहिणी, हे पुढचं आईला वाचू नकोस. छबूच्या गोळ्या मी महिनाभर माझ्या पैशानं आणतोय आणि तिला सांगतोय की सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. माझी सून विचारायला लागलीय. मला किती दिवस जमेल सांगता येत नाही.

शहादेव


कराड
२९ ऑक्टोबर २०२५

मामा,

तुमची दोन्ही पत्रं पोचली. कंसात लिहा नाहीतर वाचू नको म्हणा, मी आईला सगळंच वाचून दाखवते. ह्या घरात आईपासून काही लपवायचं नाही, असं मी तुमच्यामुळंच ठरवलंय.

तुम्हाला लई प्रश्न पडतात ना? मग हे घ्या. शिबिराच्या वेळी गावात हूल उठली की ज्याचं आधार नाही त्याचं रेशन तुटणार. तोडीला गेलेल्यांचं काय, तर घरातल्या कुणीतरी अंगठा द्या, असं कुणीतरी सांगितलं आणि शाळेपुढं रांग लागली. आईनं आधी छबू मावशीचं नाव सांगितलं. ती लांब आहे, तिचं राहायला नको म्हणून. दुसऱ्या दिवशी आई स्वतःच्या नावानं बसली. स्वतःच्या नावानं तीनदा बसली, मामा. तिन्ही वेळा नामंजूर. कागद पुढं मी वाचले तेव्हा कळलं, यंत्र म्हणतं, हा अंगठा आधीच दुसऱ्या बाईचा आहे.

आईला आजपर्यंत आधार कार्ड नाही. निराधारचा पगार नाही, रेशनला नाव नाही, एसटीचं अर्धं तिकीट नाही. मोतीबिंदूला मी मंगळसूत्र मोडलं. बाबा गेले तेव्हा सगळ्यांनी सांगितलं, अर्ज कर. कशाच्या जोरावर करणार?

धुळाजी काकांच्या वर्षश्राद्धाला आईनं मावशीला "तुझ्या पगारातले अर्धे मला दे" म्हटलं, ते तुम्हाला आठवत असेल. चार माणसांत तुम्ही काय बोललात तेही आठवत असेल. मला तर शब्दन् शब्द आठवतो.

आता आई सांगते ते लिहिते.

"शहादेवा, म्या भीक मागत नव्हते. खरं बोलले आसते तर छबीचा पगार बंद झाला आसता, आन पोलीस आले आसते तर दोघींकडं. म्हणून गप बसले. येते मी. अंगठा देते, तिचं चालू होऊ दे. पर छबीला ह्यातलं काय सांगू नकू. तिला वाटंल, अक्कानं माझ्यावर उपकार केले. मला तिचं ओशाळं तोंड बघायचं न्हाई."

मी जाऊ देणार नव्हते. ती ऐकत नाही. पोरांच्या शाळेमुळं मला निघता येत नाही, म्हणून एसटीत बसवून देते. तिला काही झालं तर बघा.

रोहिणी


नांदूरघाट
३ नोव्हेंबर २०२५

अक्का,

रोहिणीचं पत्र चारदा वाचलं. पाचव्यांदा वाचवेना.

मला एक कबूल करायचंय, ते तू इथं यायच्या आधी. समोर बोलता येणार नाही मला. तुझी ती नामंजुरीची पाकिटं टपालानं आली होती. तिन्ही मीच आणून दिली. तू म्हणालीस, "शहादेवा, वाच की काय लिवलंय." मी वरचं ठळक वाचलं आणि म्हणालो, नामंजूर झालंय, तू अंगठा नीट दिला नसशील. सायकलला टांग मारली आणि गेलो. नामंजुरीचं कारण खाली लिहिलेलं होतं. बारीक अक्षरात होतं, पण माझे डोळे तेव्हा चांगले होते; मी खाली बघितलंच नाही.

गावातल्या कुणाला कुणाचं पत्र आलं, कुणाच्या पोरीचं सासरी पटत नाही, कुणाचा पोरगा फौजेतून पैसे पाठवत नाही, सगळं मी पाकीट दाबून ओळखायचो. आणि माझ्या सख्ख्या बहिणीचा कागद उघडा माझ्या हातात होता.

वर्षश्राद्धाला मी तुला म्हणालो होतो, "विधवा बहिणीच्या घासावर डोळा ठेवतेस, लाज वाटत न्हाई?" तू तर स्वतः विधवा होतीस. एक अक्षर न बोलता तू उठलीस आणि दुसऱ्या दिवशी कराडची गाडी धरलीस. आठ वर्षं झाली.

माफी माग म्हणशील तर पाया पडून मागेन. ये तू.

शहादेव


२१ नोव्हेंबर २०२५

रोहिणी बाळा,

तुझी आई खुशाल पोचली, हे फोनवर तिनं सांगितलंच असेल. पण केंद्रावर काय झालं ते ती सांगणार नाही, म्हणून मी लिहितोय. मी सगळं लिहिणार आहे, माझा बावळटपणासुद्धा.

अक्काला मी पंचशीलाच्या केंद्रात आधीच बसवून ठेवलं होतं. पगार छबूच्या नावाचा, ती समोर हवीच, म्हणून तिला वाडीवरून रिक्षात आणलं, कोण आलंय ते न सांगता. दारातून आत बघितल्याबरोबर छबू मागं वळली. मी दंड धरला. म्हणालो, "तिच्याशी बोलू नको, पण अंगठा तर ठेव." ती बसली. अक्काकडं पाठ करून.

पंचशीलानं यंत्र पुढं केलं. छबूनं अंगठा ठेवला. लाल. परत ठेवला. लाल. तिसऱ्यांदा ती अंगठा पदराला पुसत होती, तेवढ्यात मागून एक हात आला. अक्का उठून कधी आली मला कळलं नाही. तिनं स्वतःचा अंगठा त्या काचेवर टेकवला.

हिरवा!

पंचशीला स्क्रीनकडं बघते, अक्काकडं बघते, परत स्क्रीनकडं. केंद्रात दुसरं कुणी नव्हतं म्हणून बरं. अक्का म्हणाली, "लागला न्हवं? झालं. चल रे शहादेवा, मला स्टँडवर सोड."

छबू आठ वर्षांनी तिच्याशी बोलली. "अक्के, हे कसं?"

मग मीच सांगितलं. शिबिर, रांग, नाव, फोटो. पंचशीला मधेच म्हणाली, "मामा, असं असंल तर मला हे पुढं पाठवता येत न्हाई. दुसरीच्या अंगठ्यावर मी ह्यांचा पगार कसा चालू करू? खरं करायचं तर अर्ज करावा लागंल. दोघींचे ठसे नव्यानं घ्यावे लागतील, चौकशी होईल. घाबरायचं काम न्हाई, अशा चुका मी बघितल्यात. पर तोवर छबुबाईंचा पगार बंदच. किती महिने, मी सांगू शकत न्हाई."

आणि मी काय केलं? मी हात जोडले. म्हणालो, पंचशीला, एवढ्या वेळी पाठव. म्हातारीचा जीव त्या पैशावर आहे. अर्जाचं पुढच्या वर्षी करू. अक्काही म्हणाली, "पाठीव बाई. माझी काय ना न्हाई. दर साली येऊन अंगठा दील मी, जिती हाय तोवर." पंचशीला घुटमळली, तिचा हात माऊसवर होता. ती म्हणाली, "पगार छबुबाईंचा हाय. आधी त्यांना बोलू द्या."

छबू माझ्याकडं नाही, अक्काकडं बघत होती. मी तिला लहानपणापासून बघतोय, पण असं बारकाईनं कुणाकडं बघताना तिला कधी बघितलं नव्हतं. तिनं विचारायला सुरुवात केली.

"माझ्या नावाला तुझा अंगठा. मग तुझ्या नावाला कुणाचा?"

"कुणाचाच न्हाई."

"म्हणजी तुला पगार न्हाई?"

"न्हाई."

"रेशन?"

"रोहिणी आणती की."

"डोळ्याचं आप्रेशन केलंस म्हणं."

"केलं."

"कार्डावर?"

अक्का पिशवी उचलायला लागली. छबूनं पिशवीचा बंद धरला. मग म्हणाली, "तू अर्धे मागितलतेस."

"जाऊ दे आता ते."

"जाऊ दे कसं? म्या तुला घरातून हाकलली. चोर म्हणले तुला. आन तू तवा बी बोलली न्हाईस. आगं, तोंड शिवलं होतं का तुझं?" छबू ओरडायला लागली आणि ओरडता ओरडता रडायला लागली. पंचशीलानं तांब्या पुढं केला. छबूनं तो बाजूला सारला आणि पंचशीलाचा माऊसवरचा हातच धरला. "दाबू नकू ते. माझा बंद राहू दे. आधी अक्काचं कर."

मी म्हणालो, अगं छबे, डिसेंबर आलाय, नाव जाईल यादीतून, खाशील काय? ती माझ्यावर उखडली. "तू गप रे! तू लई कागदं बघतोस ना? मग हे कावून दिसलं न्हाई तुला?"

बाळा, मी थैलीत तोंड घालून पासबुक शोधायचं नाटक केलं.

अर्ज झाला. दोघींनी खरं ते सांगितलं, पंचशीलानं लिहून घेतलं. आम्ही बाहेर आलो. मी अक्काला म्हणालो, संध्याकाळची गाडी आहे. छबू म्हणाली, "कसली गाडी? ठसे द्यायला परत बोलावतील. एवढ्या लांबून कितींदा येणार ती?" आणि पिशवी उचलून रिक्षात बसली. पिशवी अक्काची होती, म्हणून अक्कालाही बसावं लागलं.

तुझा मामा


१४ मार्च २०२६

रोहिणी,

आई कधी येणार म्हणून तू पुन्हा विचारलंस. मला विचारू नकोस, मला त्या घरात कुणी काही सांगत नाही.

व्हायचं ते झालंच. छबूचं नाव यादीतून गेलं. नवा अर्ज भरलाय, अजून काही कळलेलं नाही. दोघी शेळ्यांचं दूध घालतात, कापूस होता तोवर वेचायला गेल्या, तू पाठवतेस ते आहे, थोडं मी बघतो. माझ्या सुनेला मी सगळं सांगून टाकलं, तर ती म्हणाली, "आधीच सांगायचं ना मामंजी," आणि गोळ्या तीच आणायला लागली. माणसाच्या पोटात काय असतं, पाकीट दाबून कळत नाही हेच खरं. भांडणं चालू आहेत. चहात साखर किती, शेळी कुणाचं ऐकते, धुळाजी आधी गेला की अर्जुनराव, रोज नवा विषय. मी छबूला म्हणालो, तुझा पगार तरी लवकर यावा. ती म्हणाली, "दोघींचा संगंच येऊ दे."

काल नव्या पोस्टमननं मला रस्त्यात हाक मारली. हातात पाकीट दिलं. नाव तुझ्या आईचं, सावित्रीबाई अर्जुनराव. दाबलं तर आत कडक कार्ड लागलं. बाळा, उन्हाकडं धरायला माझा हात वर गेला होता. अर्ध्यातून खाली घेतला. तसाच वाडीवर गेलो आणि अक्काच्या हातात दिलं.

तिनं फोडलं नाही. नावावरून अंगठा फिरवत बसली. मला म्हणाली, "शहादेवा, ह्यात माझंच तोंड हाय ना?"

मी म्हणालो, फोड की, बघ.

"न्हाई. छबी शेळ्या घिऊन यिऊ दे. तिच्याआधी बघितलं म्हणून भांडंल ती."

मग आम्ही दोघं ओट्यावर बसलो. तास, दीड तास. आत काय आहे ते बघायची मला कधी नव्हे एवढी घाई झाली होती, पण बसलो. छबू आली. शेळ्या बांधल्या, हात धुतले, पदराला पुसले. पाकीट तिनं फोडलं. कार्ड डोळ्यांपाशी नेलं, लांब धरलं, परत जवळ घेतलं. अक्का तिच्या तोंडाकडं बघत होती, कार्डाकडं नाही.

छबूनं कार्डावर बोट ठेवलं आणि एक एक करून मोजलं. मग म्हणाली, "हाय. तिन्ही ठिपके हायत. ही तूच हायस."

शहादेव मामा